तीन डावी म्हणजे एक उजवं

अख्ख्या कुमासी शहरात गाडीचं दुखणं नुसत्या कानानं ओळखणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, ग्यासी! इंजिन खोकलं की मी सांगणार, सर्दी आहे की दमा. ब्रेक किंचाळले की सांगणार, खरंच दुखतंय की नुसतं नाटक. एकदा शेजाऱ्याची गाडी गल्लीच्या टोकाला उभी होती आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगितलं, मागच्या डाव्या चाकात खिळा आहे, तोही गंजका. निघाला! आता तो खिळा माझ्याच पिशवीतून सांडला होता असं काही लोक म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

तर अशा माणसाच्या सासऱ्यांचा अंत्यविधी ज्या शनिवारी ठरावा, नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या गाडीचं स्टिअरिंग रडायला लागावं, याला तुम्ही काय म्हणाल? मी नशीब म्हणालो. बायको जे म्हणाली ते इथे लिहिता येत नाही.

गाडी म्हणजे आमची पावाची मिनीव्हॅन. माझी बायको सेरवा पाव भाजते, मी दुकानोदुकानी पोहोचवतो. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'देवाची वेळ चुकत नाही'. देवाची नसेल चुकत. माझी चुकते, म्हणून तर सेरवा माहेरी निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "अहो, ऐका. सगळ्या बहिणींचे नवरे येणारेत. फोसू राजधानीतून, अक्राहून येतोय, नवी गाडी आणि पितळी वाजंत्री घेऊन. शवपेटीचं झाकण पडायच्या आत जावयाच्या वस्तू बाबांपाशी पोहोचल्या पाहिजेत. चटई, उशी, कापड, रुमाल, अत्तर, सगळं. नाही पोहोचल्या तर लोक म्हणतील, सेरवाला नवराच नाही!"

"अगं, मी आहे ना!"

"तेच तर! आणि लोक हसतील असं काही करू नका. एवढंच मागते."

फोसू म्हणजे माझा साडू. त्याचं नाव काढलं की माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिवा लागतो. माझं काढलं की वीज जाते. म्हणून मी मनाशी ठरवलं, या शनिवारी सासूबाईंच्या चेहऱ्यावर माझ्या नावाचा दिवा लागलाच पाहिजे!

सेरवा गेली. मी गाडी काढली, चाक वळवलं, आणि गाडीनं गळा काढला, "उँऽऽऽऽ!"

माझी थोरली बहीण पोकुवा अंगणात केळी सोलत होती. तिच्या हातातली सुरी पडली. "बाई गं! गाडीत कोण रडतंय?"

"कोणी नाही, ताई. पट्टा सैल झालाय."

"पट्टा कसला! तुझे सासरे असणार. लग्नात तू त्यांना दारूची बाटली दिलीस, तिच्यात निम्मं पाणी होतं. आता विचारायला आलेत!"

मी पट्टा ताणला. असा ताणला की त्याच्यावर बोट मारलं तर सूर निघावा! परत चाक वळवलं. मघाशी बाई रडत होती, आता बोकड रडायला लागला.

"सुधारणा आहे," मी म्हणालो.

मग मी टाकीचं झाकण उघडलं. स्टिअरिंगला एक लाल तेल लागतं. पंप ते तेल रेटतो म्हणून चाक बोटानं फिरतं. पंप थकला की तेच चाक फिरवायला दोन पैलवान लागतात. मी तेल ओतलं. टाकीत ताडीसारखा फेस आला आणि गाडी वळायच्या आधीच रडायला लागली! शेवटी टाकीत बोट बुडवून उन्हात धरलं. बोटावर बारीक बारीक चमचम!

"ग्यासी!" ताई ओरडली. "सोनं!"

"सोनं नाही, ताई. लोखंड आहे. पंप स्वतःलाच खातोय."

"मग त्याला काहीतरी दुसरं खायला घाल!"

निदान झालं. पंप मेला होता. आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिककडे न्यायची. अहो, शनिवार तोंडावर आलेला! शनिवारी कुमासीत घरोघरी अंत्यविधी, म्हणून गाडी मोकळी नसते, मेकॅनिक मोकळा नसतो, मंडपवाला मोकळा नसतो. मोकळा असतो तो फक्त मेलेला. शिवाय गाडी कानानं ओळखणारा माणूस मेकॅनिककडे गेला तर जगात तोंड कुठे दाखवणार?

मी सुआमेच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथे एका माणसानं ढिगातून पंप उपसला, लुंगीला पुसला आणि माझ्या हातात बाळासारखा ठेवला. "घ्या काका, तुमचाच पंप! फक्त तोंड दुसरीकडे आहे."

"दुसरीकडे म्हणजे?"

"तुमच्याचं डावीकडे असेल, याचं उजवीकडे. माणूस तोच हो, नुसती मान वळवलीय!"

मला पटलं! अशी गोड भाषा कानावर पडली की माझं डोकं आपोआप होकारार्थी हलतं.

घरी आलो आणि माझ्या हालअपेष्टांना सुरुवात झाली. जुन्या पंपाची कप्पी निघेना. ओढली, ठोकली, शिव्या दिल्या, स्तोत्र म्हटलं. शेवटी सेरवाचं फूफू, म्हणजे उकडलेले कंद, कांडायचं मुसळ आणलं. तिच्या आईनं दिलेलं, उंच, गुळगुळीत. ते कप्पीमागे घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. कडाड्! मला वाटलं कप्पी निघाली. मुसळाचे दोन तुकडे झाले होते! सगळं मुसळ केरात गेलं असं म्हणतात ना, माझं खरोखरच केरात गेलं. मी स्वतः टाकलं, वर केळीच्या साली पसरल्या.

ताई बघत होती. "सासरे गेले, पंप गेला, मुसळ गेलं," ती म्हणाली. "आता या घरात जाण्यासारखा तूच उरलायस."

कप्पी नंतर आपणहून निघाली, माझ्या पायावर. नवा पंप बसला. पण मान वळवलेल्या माणसाला सरळ समोरून घास कसा भरवणार? तेलाची नळी पोचेना! मग एका मोडक्या ट्रॅक्टरची लांबलचक नळी आणली आणि इंजिनाला वळसा घालून, उजव्या चाकाच्या मागून फिरवून पंपाच्या तोंडात दिली. तेल भरलं, पुढची चाकं उचलली, हवा जावी म्हणून स्टिअरिंग डावीकडे उजवीकडे फिरवायला घेतलं. डावीकडे फिरवलं. गप्प! रिकाम्या चर्चसारखी गाडी गप्प! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग उजवीकडे फिरवलं. खर्रर्र! चाक नळीला घासत होतं. अजून जरा वळवलं असतं तर नळी तुटून तेल थेट आकाशात गेलं असतं.

मी जमिनीवर बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी सासऱ्यांचा हेवा वाटला. ते कसे निवांत, शवागारातल्या बर्फात!

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "ताई! उजवीकडे वळायची गरजच काय? तीन डावी म्हणजे एक उजवं! गणित आहे. कागदावर काढून बघ."

"कागदावर बरोबर आहे," ताई म्हणाली. "रस्ता कागदाचा आहे का?"

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. माझ्या शेजारी अद्दाई मामा, आमच्या घराण्याचे बोलके म्हातारे. ते रानात कोकोच्या मळ्यावर राहतात आणि कुणाच्या दारी घराण्याच्या वतीनं बोलायचं असेल तेव्हाच शहरात येतात. माझी सासुरवाडी त्यांनी माझ्या लग्नात पाहिलेली, तीही दारूच्या धुंदीत. मागे ताई, मांडीवर जावयाच्या वस्तू. सगळ्यांच्या अंगावर शोकाची काळी-तांबडी वस्त्रं. माझंही वस्त्र नवं, खांद्यावरून सोडलेलं, अगदी रुबाबदार. फोसू जळणार होता!

पहिली तीन डावी मस्त झाली. पुढच्या तीन डाव्यांत एकाच्या अंगणातून जावं लागलं, तिथे एक माणूस अंघोळ करत होता. आम्ही नमस्कार केला. त्यानंही केला. मग एका लापशीवालीसमोरून आम्ही गेलो, परत गेलो, आणि पुन्हा गेलो.

"काका!" ती ओरडली. "लापशी घ्यायचीय का नुसतीच लाज वाटतेय?"

"निवांत चल, भाच्या," मामा म्हणाले. "या शहरात लापशी विकणाऱ्या सगळ्याजणी एकमेकींच्या बहिणी दिसतात."

आणि मग आला मोठा चौक, मधे गोल बाग असलेला. तुमच्याकडे कसं ते माहीत नाही, आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात आणि गोलाभोवती डावीकडे वळत वळत फिरतात. डावीकडे! माझ्यासाठी तर स्वर्गच! मी थाटात आत घुसलो, गोल फिरलो, सासुरवाडीचा रस्ता आला, आणि तेव्हा मला कळलं. गोलातून बाहेर पडायला उजवीकडे वळावं लागतं.

रस्ता गेला. मी परत फिरलो. रस्ता परत आला, परत गेला.

चौकातल्या पोलिसानं आमचे शोकाचे कपडे पाहून पहिल्या फेरीला अदबीनं मान लववली. दुसऱ्या फेरीलाही लववली. तिसऱ्या फेरीला कमरेवर हात ठेवले.

"काका, कुठे जायचंय?"

"उजवीकडे!" मी ओरडलो, आणि त्याच्यासमोरून निघून गेलो.

पुढच्या फेरीला तो वाट पाहत उभा होता. "मग जा की!"

"जाता येत नाही!"

त्याच्या पुढच्या फेरीला, "का?"

"नळी!"

"काय नळी?" हे मात्र त्याला पळत पळत विचारावं लागलं.

"भाच्या," मामा म्हणाले, "तुझी सासुरवाडी फार लांब रे. पण रस्ता छान आहे. एकसारखी झाडं लावलीत."

मागे ताईला गाडी लागली होती. जावयाची उशी तिनं तोंडावर दाबून धरली होती. "ग्यासी, थांबव! नाहीतर मी या उशीत..."

"ताई, उशी सोडून कुठेही!"

शेवटी पोलिसानं चारी बाजूंची वाहतूक अडवली, शिट्टी तोंडातून काढली आणि हात जोडून ओरडला, "काका, देवासाठी हात सरळ करा! जिथे जाल तिथे जा, पण माझ्या चौकातून जा!"

मी हात सरळ केले. गोफणीतून दगड सुटावा तसे आम्ही सुटलो आणि समोर जो रस्ता होता त्यावर गेलो. तो सासुरवाडीचा नव्हता. तो सासुरवाडीकडे पाठ करून जाणारा होता! माझं काळीज चपलेत उतरलं. झाकण पडायची वेळ होत आली होती आणि मी गाडीभर वस्तू घेऊन उलट्या दिशेला धावत होतो. इतक्यात डावीकडे मोकळं मैदान दिसलं. म्हटलं, इथेच वळसा घालू! वळलो. मैदानात मंडप होते, ढोल होते, काळ्या-तांबड्या कपड्यांतली शेकडो माणसं होती. कुणाच्या तरी अंत्यविधीत गाडीचं नाक घालून मी थांबलो. गाडीखाली फुस्सऽऽ!

"जरा बसा, दोन मिनिटांत नळी बांधतो," म्हणून मी गाडीखाली सरपटलो. दोर नव्हता. मग अंगावरच्या वस्त्राचा पदर नळीभोवती गुंडाळला आणि गच्च गाठ मारली.

खालून मला दिसलं की मामांची वहाण जमिनीवर उतरली. मागोमाग ताईची, आणि तिच्यासोबत चटईचं टोक. मामांना शोकाचे मंडप आणि रिकाम्या खुर्च्या दिसल्या की जगातली कुठलीही ताकद त्यांना थांबवू शकत नाही. आणि ताई तर डोक्यावरून वस्त्र ओढून रडायलाच लागली होती! ताईचं तसंच आहे. आधी रडते, कोण गेलं ते मागून विचारते.

"मामा!" मी ओरडलो. वरती ढोल वाजत होते. निघायला गेलो तर निघता येईना! माझं वस्त्र नळीला, नळी पंपाला आणि पंप गाडीला बांधलेला. खुंटीला बांधलेल्या शेळीसारखा मी!

वहाणा रांगेनं पुढे गेल्या, उजवीकडून हात मिळवत. मग ढोल थांबले. पाणी आलं. पाहुण्यांना आधी पाणी, मग प्रश्न. तसाच प्रश्न आला, "इकडे सगळं कुशल. तुमचं येणं कशासाठी?"

आणि मामा बोलायला उठले. माझे मामा बोलायला उठले की नद्या थांबतात! "आमचं येणं वाईटासाठी नाही," ते गरजले. "या घरचं थोरलं झाड पडलं. त्या झाडाची सावली ज्याला मिळाली, त्या तुमच्या जावयाच्या वतीनं आम्ही आलो. ही चटई! ही उशी! हे कापड!"

मग एक म्हातारी किंचाळली, "जावयाची माणसं आली! अगं फ्रेमा, तुझ्या नवऱ्याची माणसं आली!" आणि असा हंबरडा फुटला की गाडीसुद्धा हलली.

मी वस्त्र सोडलं. अक्षरशः! ते तिथेच नळीला राहू दिलं आणि आतल्या अर्ध्या चड्डीवर बाहेर सरपटत आलो. डोक्यापासून ढोपरापर्यंत लाल तेल, वर मैदानाची माती. "थांबा!" म्हणायला तोंड उघडलं, तर अख्खा मंडप उठून उभा राहिला. आमच्यात जवळचं माणूस गेलं की कपाळाला अन् दंडाला तांबडी माती फासतात. मी सगळीकडे फासलेली!

"जावयाचा असा नातलग नाही पाहिला!" कोणीतरी हुंदका दिला. "वस्त्रसुद्धा फेकून दिलं दुःखानं!"

"अहो, झाकण..." मी म्हणालो.

"हो हो, झालं!" म्हातारी माझे लाल हात धरून म्हणाली. "सगळं त्यांच्या अंगाखाली, उशाशी नीट ठेवलं. आत्ताच झाकण लावलं बघा!"

सासऱ्यांची उशी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या डोक्याखाली, आणि वरून खिळे!

म्हातारीची लेक फ्रेमा जवळ आली. माझ्या खांद्यावर एक चादर टाकली आणि हळूच कानात म्हणाली, "तुम्ही माझ्या नवऱ्याचे कोणी नाही ना?"

"नाही गं बाई. माझी गाडी उजवीकडे वळत नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबतेय की रडू, मला कळेना. "तो परदेशी गेला, परत पत्ता नाही. गाव सकाळपासून आईला टोचतंय, जावयाची चटई कुठे म्हणून. आज कित्येक वर्षांनी तिनं मान वर केलीय. बोलू नका हो. पाया पडते."

आता सांगा, काय बोलणार? मी रडलो. सगळ्यांना वाटलं त्यांच्या म्हाताऱ्यासाठी. मी माझ्यासाठी रडत होतो, पण अश्रूंवर कुठे नाव लिहिलेलं असतं?

पुरून आल्यावर मी फ्रेमाला म्हणालो, "माझे सासरेही आजच जातायत गं, चौकापलीकडे. मला गेलंच पाहिजे." गाडीनं तेवढ्यात शेवटचा श्वास सोडला. वस्त्र, नळी आणि उरलंसुरलं तेल, सगळं एकदमच बाहेर आलं. फ्रेमानं आईला काहीतरी सांगितलं. म्हातारी उठून उभी राहिली.

"तुम्ही आमच्या मेलेल्यासाठी रडलात," ती म्हणाली. "तुमचा मेलेला एकटा कसा जाईल? बस आणा रे!"

बस आली. ढोलवाले चढले, म्हाताऱ्या चढल्या, खुर्च्यासुद्धा चढल्या! उजवीकडे बस अशी झोकात वळली की मला हुंदका आला. वाटेत मामांनी मला कोपरखळी मारली. "लबाडा! दोन-दोन सासुरवाड्या आणि मामाला पत्ता नाही! पण वस्तू आधी धाकटीकडे दिल्यास, हे जरा चुकलं हं."

"मामा, तसं नाहीये!"

"बरं बरं. मी सांभाळून घेतो."

सासुरवाडीत पोहोचलो तेव्हा सासरे केव्हाच मातीत गेले होते. फोसू पहिल्या रांगेत, इस्त्रीची घडी न मोडता बसलेला. मागे त्याची वाजंत्री. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अर्धी चड्डी, चादर, आणि लाल तोंड. पण माझ्यामागून माणसं उतरत होती, उतरतच होती! ढोल घुमले. अख्खं मैदान माना वळवून बघायला लागलं. एवढा मोठा लवाजमा कुठल्याच जावयाचा नव्हता! फोसूची मिशी खाली आली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगतो, एक बारीकसा दिवा लागला. माझी छाती फुगली. म्हटलं, जमलं! सगळं जमलं!

पाणी आलं. प्रश्न आला, "तुमचं येणं कशासाठी?"

मामा उठले. हातात त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला.

"तुमच्या जावयाला उशीर झाला," मामा म्हणाले, आणि चार गल्ल्यांना ऐकू गेलं. "पण माणूस कर्तव्याला चुकला नाही! त्याच्या दुसऱ्या सासुरवाडीतही आजच मयत होती. वस्तू तिकडे दिल्या. आणि ती दुसरी सासुरवाडी, मोठ्या मनानं, आज तुमच्या दुःखात सामील व्हायला इथे आली आहे!"

फोसूच्या वाजंत्रीवाल्यांपैकी एकाची झांज हातातून पडली आणि बराच वेळ गोल फिरत राहिली.

मला ऊन लागू नये म्हणून फ्रेमा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. बिचारी फार चांगल्या मनाची बाई!

सेरवा बायकांच्या रांगेतून उठली. हळूहळू चालत माझ्यापुढे आली. मला वाटलं, उशिराचं विचारेल, वस्तूंचं विचारेल, निदान चड्डीचं तरी. तिनं छत्रीकडे पाहिलं, मग छत्री धरणारीकडे.

"तिचं नाव काय?"

आता अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, मला काय माहीत! पण मी पडलो प्रामाणिक. मी सांगितलं.